जुन्या जपानी इलेक्ट्रिक गिटारींचं एवढं काय कौतुक?

सेकंडहँड गिटारच्या जाहिराती बघायची सवय असेल तर हे कधीतरी डोळ्यांत खुपलं असेलच. १९७९ सालची गिटार, दिसायला हुबेहूब गिब्सन या अमेरिकन कंपनीची लेस पॉल, पण डोक्यावर नाव ग्रेको नाहीतर तोकाई, म्हणजे उघड उघड कॉपी, आणि किंमत लाखाच्या वर. कॉपीला एवढे पैसे? आणि गंमत म्हणजे लोक ते देतात, आणि एकदा घेतली की शक्यतो विकत नाहीत. जाहिरातीत 'एमआयजे' लिहिलं, म्हणजे मेड इन जपान, की भाव आपोआप वर जातो.

यामागे लाकूड, कारागिरी वगैरे आहेच, पण माझ्या मते सगळ्यात मोठं कारण पैशाचं आणि वेळेचं आहे. साधारण १९७७ ते १९८५ या काळात तीन गोष्टी एकाच वेळी जुळून आल्या: अमेरिकन कंपन्यांचा माल घसरला होता, जपानी कारखाने भलतेच तयार झाले होते आणि येन स्वस्त होता. त्या आठेक वर्षांत बनलेल्या चांगल्या गिटारींवर जेवढी मेहनत झाली तेवढी मेहनत त्या किमतीत आज कोणालाच परवडणार नाही, आणि लोक पैसे मोजतायत ते या मेहनतीचे. बाकीचं सगळं, जुनं लाकूड, जादुई टोन, वगैरे, थोडं खरं आणि बरंचसं मार्केटिंग.

आधी थोडं बेसिक, म्हणजे पुढचं समजायला सोपं जाईल. इलेक्ट्रिक गिटारची बॉडी सहसा भरीव लाकडाची असते, आवाज घुमायला पोकळ पेटी लागत नाही. तारांच्या खाली पिकअप असतो, म्हणजे चुंबक आणि त्याच्याभोवती केसाइतक्या बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. वरची स्टीलची तार हलली की चुंबकीय क्षेत्र हलतं, वेढ्यांमध्ये बारीकसा करंट तयार होतो, तो वायरमधून अँपमध्ये जातो आणि आपल्याला आवाज ऐकू येतो. एकाच कॉइलचा पिकअप असेल तर तो घरातल्या विजेची गुणगुण पण उचलतो, म्हणून १९५५ च्या सुमारास गिब्सनमध्ये सेथ लव्हर या इंजिनियरने दोन कॉइल उलट सुलट जोडून ती गुणगुण मारली, त्याला हंबकर म्हणतात. दुसरी मोठी अमेरिकन कंपनी फेंडर, तिचा आवाज सिंगल कॉइलचा, टणत्कार असलेला, गिब्सनचा हंबकरचा, जाड आणि भरलेला. जगातल्या निम्म्याहून जास्त इलेक्ट्रिक गिटारी या दोघांच्या पाच-सहा डिझाइनचीच पोरंबाळं आहेत असं म्हटलं तरी चालेल, आणि जपान्यांनी सुरुवातीला जी कॉपी केली ती यांचीच.

पण अगदी सुरुवातीला नाही. साठच्या दशकातल्या जपानी गिटारी वेगळ्याच प्रकरणात मोडतात. १९६५ च्या जानेवारीत व्हेंचर्स हा अमेरिकन बँड जपानला गेला आणि तिथं असा काही धुमाकूळ झाला की त्याला 'एलेकी बूम' असं नावच पडलं. एलेकी म्हणजे इलेक्ट्रिक. पोरं शाळा कॉलेज सोडून गिटारच्या मागे लागली, एवढी की त्याच वर्षी आशिकागा नावाच्या शहरात शिक्षण खात्याने विद्यार्थ्यांना इलेक्ट्रिक गिटारला बंदी केली. (बंदीने काय होणार होतं ते झालंच.) तेइस्को, गुयाटोन, कावाई असे ब्रँड तेव्हा जोरात होते. या गिटारी दिसायला अफलातून, चार चार पिकअप, प्रत्येकाला वेगळा स्विच, शिंगं वाकडी तिकडी, वर चमचमता पत्रा. अमेरिकेत सिअर्सच्या कॅटलॉगमधून वगैरे या स्वस्तात विकल्या जायच्या. वाजवायला मात्र बऱ्याचदा कठीण, नेक म्हणजे गिटारची मान जाडजूड, तारा फ्रेटपासून, म्हणजे नेकवरच्या धातूच्या पट्ट्यांपासून उंच, सूर टिकेना.

तरी त्यांचाही आज एक चाहता वर्ग आहे आणि त्याचं कारण पिकअप. तेइस्कोचा 'गोल्ड फॉइल' पिकअप, ज्याच्या झाकणात सोनेरी कागद दिसतो, त्याचा आवाज मोकळा आणि जरा खरबरीत येतो, स्लाइड, म्हणजे तारेवर नळी सरकवून वाजवणाऱ्यांना फार आवडतो. अमेरिकन गिटारिस्ट राय कूडरने आपल्या फेंडर स्ट्रॅटोकास्टरमध्ये (थोडक्यात स्ट्रॅट) असा एक पिकअप बसवला आणि त्यानंतर लोकांनी जुन्या तेइस्को नुसत्या पिकअपसाठी फोडायला सुरुवात केली. मला विचाराल तर ही गिटार भिंतीवर टांगायला आणि एखाद्या रेकॉर्डिंगला मस्त, पण रोज वाजवायला कोणी सांगितलंय.

१९६७-६८ पर्यंत बूम फुटला. भरमसाठ गिटारी बनल्या होत्या, घेणारे संपले, बरेच कारखाने बंद पडले, तेइस्को स्वतः १९६७ ला कावाईने विकत घेतली. जे उरले ते जरा जपून चालायला लागले, आणि इथून खरी गोष्ट सुरू होते.

नकाशावर नागानो प्रांतातलं मात्सुमोतो शहर बघा. जपानी आल्प्सच्या पायथ्याशी, समुद्रापासून लांब, साधारण सहाशे मीटर उंचीवर, हवा कोरडी. लाकूड वाळवायला अशी हवा लागते आणि तिथं फर्निचर बनवणाऱ्यांची जुनी परंपरा आहे. फुजिगेन गाक्की हा कारखाना १९६० मध्ये इथं निघाला, सुरुवातीला क्लासिकल गिटारी बनवायचा. दुसरा मात्सुमोकु, १९५१ चा, आणि हे सुतारकाम करणारे लोक, यांचं मोठं गिऱ्हाईक कोण तर सिंगर, हो तीच शिलाई मशीनवाली, तिच्या मशीनची लाकडी कॅबिनेटं हे बनवायचे आणि पुढे सिंगरची त्यांच्यात भागीदारीही होती. म्हणजे गिटारला हात लावण्याआधीच यांना हजारोंच्या संख्येने एकसारखं, गुळगुळीत, सांधा न दिसणारं लाकूडकाम करायची सवय होती. तिकडे हामामात्सु या दुसऱ्या शहरात यामाहा आणि तोकाई होते, तिथं पियानो आणि ऑर्गनचा धंदा एकोणिसाव्या शतकापासून चालू.

इथं एक गोष्ट समजून घेतली नाही तर पुढे खरेदी करताना गोंधळ होतो. जपानमध्ये गिटारवरचं नाव आणि गिटार बनवणारा कारखाना हे सहसा वेगवेगळे असतात. इबानेझ हे नाव नागोयाच्या होशिनो कंपनीचं, ग्रेको हे कांदा शोकाई या व्यापारी कंपनीचं, पण सत्तरच्या दशकात दोन्हींचा बराचसा माल फुजिगेनच्याच कारखान्यातून निघत होता. आरिया हे अराई कंपनीचं नाव, बनवायचे मात्सुमोकुवाले. मात्सुमोकुनेच एपिफोन, वेस्टोन, व्हँटेज, युनिव्हॉक्स अशा ढीगभर नावांनी गिटारी बनवल्या, निर्वाना बँडचा कर्ट कोबेन जी युनिव्हॉक्स हाय-फ्लायर वाजवायचा आणि फोडायचा ती त्यांचीच. म्हणून जाणकार माणूस आधी विचारतो कारखाना कुठला, मग नाव.

नागोयाचा विषय निघालाच आहे तर सांगतो. याच शहरात १९१२ मध्ये गोरो मोरिता नावाच्या माणसाने ताइशोगोतो हे वाद्य बनवलं, तारा आणि वर टाइपरायटरसारखी बटणं. तेच आपल्याकडे येऊन बुलबुल तरंग झालं आणि त्यालाच पिकअप लावून मुंबईच्या बेंजो पार्ट्यांनी गणपती, लग्नं, वराती गाजवल्या. म्हणजे लालबागच्या पोराच्या गळ्यातला बेंजो आणि इबानेझची गिटार, दोघांचं माहेर एकच गाव. असो.

आता अमेरिकेत काय चाललं होतं ते बघू. १९६५ मध्ये लिओ फेंडरने कंपनी सीबीएसला, म्हणजे टीव्ही-रेडिओवाल्या कंपनीला, १ कोटी ३० लाख डॉलरला विकली. १९६९ मध्ये गिब्सनची मालक कंपनीही दुसऱ्यांच्या हातात गेली, ती पुढे नॉर्लिन या नावाने ओळखली गेली. नवीन मालकांना उत्पादन वाढवायचं होतं आणि खर्च कमी करायचा होता. फेंडरने १९७१ पासून स्ट्रॅटचा नेक चारऐवजी तीन बोल्टवर बसवायला सुरुवात केली, कल्पना वाईट नव्हती पण भोकं नीट जुळत नसतील तर नेक हलायचा. गिब्सनने लेस पॉलची बॉडी एका जाड तुकड्याऐवजी थर चिकटवून बनवली, लोक तिला 'पॅनकेक' म्हणतात, नेक तीन तुकड्यांचा केला. सगळ्याच सत्तरच्या गिटारी वाईट होत्या असं नाही, उगाच सरसकट शिव्या घालायची फॅशन आहे, चांगल्या पीसेस होत्या. पण दुकानात दहा गिटारी असतील तर कुठली चांगली निघेल याचा भरवसा राहिला नव्हता आणि किमती मात्र वरच जात होत्या.

त्याच वेळी रॉक गिटार वाजवणाऱ्या सगळ्यांना कळून चुकलं होतं की आपले हिरो लोक जी वाजवतात ती पन्नासच्या दशकातली जुनी. १९५८ ते ६० ची सनबर्स्ट लेस पॉल, पन्नासच्या दशकातली स्ट्रॅट. ती तर अमेरिकन कंपन्या बनवतच नव्हत्या, स्वतःचंच डिझाइन मागे टाकून बसल्या होत्या. मागणी आहे पण माल नाही, आणि ही फट जपान्यांनी भरली.

सुरुवातीच्या कॉप्या, साधारण १९७० ते ७४ च्या, नुसत्या वरून सारख्या होत्या. लेस पॉलसारखी दिसणारी ग्रेको किंवा इबानेझ घ्या, नेक बोल्टने बसवलेला, वरचा फुगवटा प्लायवूड दाबून केलेला आणि त्याच्या खाली चक्क पोकळी. फोटो बघून केलेलं काम. पण देशात पाच-सहा ब्रँड एकमेकांशी भांडत होते आणि गिऱ्हाईक चोखंदळ, त्यामुळे दर वर्षी कोणीतरी एक पायरी वर चढायचा आणि बाकीच्यांना चढावंच लागायचं. नेक चिकटवायला लागले, मग भरीव बॉडी, मग जुन्या गिटारीत नेकचं टोक बॉडीत किती खोल जातं तेही तसंच करायला लागले, कडेच्या प्लास्टिकच्या पट्टीने फ्रेटची टोकं कशी झाकायची इथपर्यंत. १९७८ मध्ये तोकाईने तर 'लेस पॉल रिबॉर्न' या नावानेच गिटार आणली, पुनर्जन्म! नाव नंतर बदलावं लागलं, ती पुढे 'लव्ह रॉक' झाली. त्यांची स्ट्रॅट होती 'स्प्रिंगी साउंड', आणि तिचं डोकं, तिथली अक्षरं, सगळं लांबून फेंडरच वाटावं असं. ग्रेकोने १९७९-८० च्या सुमारास 'सुपर रियल' मालिका काढली. या दोन-तीन वर्षांतला जो माल आहे त्यासाठी आज लोक वेडे आहेत.

आता ती प्रसिद्ध 'लॉसूट गिटार', म्हणजे कोर्टकेसवाली. जाहिरातींमध्ये हा शब्द इतका ढिला वापरतात की १९८५ च्या कोरियन गिटारलाही लॉसूट म्हणून विकताना मी बघितलंय. खरी केस एकच होती. २८ जून १९७७ ला नॉर्लिनने फिलाडेल्फियाच्या फेडरल कोर्टात होशिनोच्या अमेरिकेतल्या कंपनीवर, एल्गरवर, दावा लावला. भांडण होतं हेडस्टॉकच्या आकाराचं, म्हणजे गिटारच्या डोक्याचा जो उघड्या पुस्तकासारखा कट असतो, गिब्सनची ओळख, तो तुम्ही वापरायचा नाही. कॉपी केलेल्या बॉडीबद्दल नाही, आवाजाबद्दल तर नाहीच. आणि विनोद असा की दावा लागला तोपर्यंत इबानेझने तो आकार बदलून टाकला होता. १९७८ मध्ये कोर्टाबाहेर मिटलं. ग्रेको, तोकाई आणि बर्नी हा आणखी एक जपानी ब्रँड, यांचा त्या केसशी काहीच संबंध नव्हता, ते जपानमध्ये निवांत तसलीच डोकी बनवत राहिले. त्यामुळे 'लॉसूट' लिहिलंय म्हणून कोणी जास्त पैसे मागत असेल तर सरळ दुर्लक्ष करा, तो शब्द गिटारच्या दर्जाबद्दल काहीच सांगत नाही.

दर्जा कळायला दुसरी सोपी युक्ती आहे आणि ती मला फार आवडते. त्या काळात जपानी मॉडेलच्या नावातला आकडा हा बहुतेक वेळा किंमत असायचा. तोकाई एलएस-८० म्हणजे ८० हजार येन, एसटी-५० म्हणजे ५० हजार येन, ग्रेको ईजी-५०० म्हणजे पण ५० हजार. आकडा जितका मोठा तितकं लाकूड चांगलं, तुकडे कमी, पिकअप वरचे, रंग पातळ. एकाच कारखान्यातून, एकाच महिन्यात, एकाच नावाखाली शिकाऊ पोरांसाठीची गिटार आणि स्टेजवरच्या माणसासाठीची गिटार अशा दोन्ही निघायच्या. पेटीवर देवगड छापलंय म्हणून आतला प्रत्येक आंबा हापूस निघत नाही, तसंच एमआयजेचं आहे. खालच्या आकड्याची गिटार वाईटच असते असं नाही, पण तिला वरच्या आकड्याची किंमत देऊ नका एवढंच.

आता येन. १९७१ पर्यंत एका डॉलरला ३६० येन असा बांधलेला दर होता, मग तो सुटला, खाली वर झाला, तरी १९८५ च्या सप्टेंबरपर्यंत साधारण २४० च्या आसपास होता. या दराने ८० हजार येनची गिटार म्हणजे साडेतीनशे डॉलरच्या आत बाहेर. एवढ्या पैशात अमेरिकेत त्या दर्जाची गिटार कोणी बनवूच शकत नव्हतं. मग न्यूयॉर्कच्या प्लाझा हॉटेलात पाच देशांच्या अर्थमंत्र्यांनी बसून डॉलर खाली आणायचं ठरवलं आणि वर्षभरात दर दीडशे-एकशेसाठच्या घरात, १९८७ च्या शेवटी तर १२० च्या जवळ. तीच गिटार, तोच कारागीर, बाहेरच्या गिऱ्हाइकाला जवळजवळ दुप्पट महाग. निर्यातीचा स्वस्त माल कोरियात गेला, नंतर इंडोनेशिया आणि चीनमध्ये. मात्सुमोकु १९८७ मध्ये बंदच पडली. फुजिगेन टिकली ती वरच्या दर्जाचं काम धरून ठेवल्यामुळे, आजही इबानेझच्या महागड्या प्रेस्टीज गिटारी तिथं बनतात.

पण येन महाग व्हायच्या आधी एक मजेशीर वळण येतं. फेंडरला कळलं की तोकाई आणि ग्रेको आपल्याच डिझाइनवर आपल्याला मारतायत, कोर्टात जाऊन किती जाणार, मग त्यांनी भागीदारीच केली. मार्च १९८२ मध्ये कांदा शोकाई आणि यामानो गाक्की यांच्याबरोबर फेंडर जपान निघाली आणि गिटारी बनवायचं काम फुजिगेनला मिळालं. म्हणजे काल ज्यांनी फेंडरची कॉपी केली त्यांच्याच हातात फेंडरचा अधिकृत शिक्का. पहिल्या गिटारींचे नंबर 'जेव्ही' या अक्षरांनी सुरू होतात, जपानीज व्हिंटेज. युरोपात पाठवलेल्या अगदी पहिल्या काहींवर मोठ्या अक्षरात फेंडर आणि शेजारी बारीक अक्षरात स्क्वायर सिरीज असं आहे, त्या आज सगळ्यात जास्त शोधल्या जातात. नंतर डोक्यावर स्क्वायर हेच नाव मोठ्या अक्षरात आलं. आज स्क्वायर म्हटलं की पहिली गिटार, शिकाऊ गिटार, पण १९८२ ची स्क्वायर ही त्याच वर्षीच्या बऱ्याच अमेरिकन फेंडरपेक्षा जुन्या स्ट्रॅटच्या जास्त जवळ होती. आणि पुढे १९८५ मध्ये सीबीएसने फेंडर विकली, बिल शुल्झ आणि कंपनीतल्याच लोकांनी सव्वा कोटी डॉलरला घेतली, तेव्हा त्या सौद्यात अमेरिकेतला कारखानाच नव्हता. नवीन कारखाना कोरोना या गावी उभा राहीपर्यंत बाजारात आलेल्या फेंडर बहुतेक करून जपानी होत्या. फेंडर तेव्हा तगली त्यात या जपानी मालाचा वाटा मोठा होता असं माझं मत आहे.

आता आवाजाकडे, कारण शेवटी सगळे तिथंच येतात. 'जुनं लाकूड घुमतं' वगैरे गोष्टी ऐकाल. असेलही, पण भरीव बॉडीच्या गिटारीत पिकअप, नेकची बसणी आणि सेटअप, म्हणजे तारांची उंची, नेकचा बाक वगैरे जुळवणं, याने जो फरक पडतो त्यापुढे लाकडाचं वय किरकोळ. मॅक्सन नावाने ओळखले जाणारे पिकअप, बनवणारी कंपनी निश्शिन ओन्पा, यांचे सत्तरच्या शेवटचे हंबकर खरंच चांगले आहेत, फार तापट नाहीत, कॉर्डमधली प्रत्येक तार वेगळी ऐकू येते. (याच कंपनीने इबानेझसाठी ट्यूब स्क्रीमर हे हिरवं पेडल बनवलं, त्यामुळे गिटार वाजवणाऱ्यांवर यांचे उपकार दुहेरी.) लाकडात सेन नावाचं झाड बघायला मिळेल, दिसायला अॅशसारखं, जपानमधलं स्थानिक, त्याने काही बिघडत नाही. फिंगरबोर्ड बऱ्याचदा रोजवूडचा, आणि ब्राझीलचा रोजवूड दुर्मिळ झाल्यावर जगभर ज्याने ती जागा घेतली तो भारतातला, आपल्या पश्चिम घाटातही वाढणारा शिसव.

मी स्वतः मात्र कॉप्यांपेक्षा जपान्यांच्या स्वतःच्या डिझाइनच्या बाजूचा माणूस. १९७६ ची यामाहा एसजी-२००० बघा. कार्लोस सांतानाने यामाहाला सांगितलं की गिटार जड पाहिजे आणि सूर जास्त वेळ टिकला पाहिजे, तर यांनी नेकचं लाकूड बॉडीच्या आरपार शेपटीपर्यंत नेलं आणि ब्रिज, म्हणजे बॉडीवर तारा टेकतात तो भाग, त्याच्याखाली पितळेची पट्टी बसवली. वजन चार किलोच्या पुढे, तासभर उभं राहून वाजवली की खांदा बोलतो, पण एक सूर लावला की चहा पिऊन यावं. इबानेझने केस मिटायच्या आधीच, १९७७ मध्ये, जॉर्ज बेन्सनसाठी जीबी-१० बनवली, जॅझवाल्यांना चालेल अशी पण स्टेजवर शिट्टी न मारणारी लहान बॉडीची गिटार, ती अजूनही बनते. आरियाचा एसबी-१००० हा बेस गिटार ड्युरान ड्युरान बँडच्या जॉन टेलरने वाजवला. १९८७ मध्ये इबानेझने गिटारिस्ट स्टीव्ह वायसाठी केलेली जेम आणि तिची भावंडं आरजी आल्या, नेक अगदी पातळ, फास्ट वाजवणाऱ्या एका अख्ख्या पिढीचे हात त्यावर घडले. कॉपी करता करता हे लोक इथपर्यंत आले.

घ्यायची असेल तर काय बघायचं? सगळ्यात आधी वर्ष. फुजिगेनने बनवलेल्या इबानेझ आणि ग्रेकोवर १९७५ नंतर मागच्या बाजूला नंबर असतो, पहिलं अक्षर महिना, पुढचे दोन आकडे साल. एफ ७८ ने सुरू झाला तर जून १९७८. त्याआधीच्या बऱ्याच गिटारींवर नंबरच नाही, मग पिकअपखालचे शिक्के आणि कॅटलॉग बघत बसावं लागतं. ग्रेकोच्या डोक्यावरचं नाव खरवडून गिब्सन चिकटवणारे महाभाग आहेत, तेव्हा स्वस्तात गिब्सन मिळतेय असं वाटलं तर आतली वायरिंग आधी बघा. फेंडरवर 'मेड' ऐवजी 'क्राफ्टेड इन जपान' असेल तर ती नव्वदच्या शेवटाची किंवा त्यानंतरची, फुजिगेनची नाही, गिटार चांगली असू शकते पण जेव्हीचे पैसे द्यायचे नाहीत.

मग नेक. नेकच्या आत लोखंडी सळई असते, ट्रस रॉड, ती घट्ट सैल करून नेकचा बाक जुळवतात. ती आधीच शेवटपर्यंत पिळलेली असेल तर गिटार सोडा, कितीही सुंदर असली तरी. जपानी दुकानदार याबाबतीत सरळ असतात, जाहिरातीत फ्रेट किती शिल्लक, दहातले आठ भाग की सहा, बाराव्या फ्रेटवर तारेची उंची किती मिलिमीटर, सगळं लिहितात. 'जंक' लिहिलं असेल तर तक्रार करायची सोय नाही असं समजायचं. पॉट म्हणजे आवाजाच्या बटणाखालचे भाग हे खरखरतातच, क्लीनर मारला की सहसा जातं, पण बदलायचे असतील तर लक्षात ठेवा, जपानी पॉटच्या दांड्याला १८ दाते, अमेरिकन मापाला २४, एकाचं बटण दुसऱ्यावर बसत नाही, आणि ब्रिजचे स्क्रूसुद्धा इंच आणि मिलिमीटरच्या भांडणात अडकतात. ओरिजिनल सुटे भाग विकणाऱ्याने काढून ठेवले असतील तर मागून घ्या.

तोक्योत ओचानोमिझु म्हणून भाग आहे, एका रस्त्यावर ओळीने गिटारची दुकानं, आणि २०२४ च्या जुलैत येन डॉलरला १६० च्याही खाली घसरला तेव्हा परदेशी लोक रिकामी केस घेऊनच तिथं जायला लागले. कुणी नातेवाईक तिकडून येणार असेल तर उत्तम. कुरिअरने मागवणार असाल तर गिटारची किंमत अधिक भाडं अधिक इन्शुरन्स या बेरजेवर ड्युटी आणि वर जीएसटी लागतो, हिशेब आधी करा, नंतर कस्टमवाल्यांना शिव्या देऊन उपयोग नाही. जाहिरातीत 'हाकारांडा' शब्द दिसला तर तो ब्राझीलचा रोजवूड, १९९२ पासून त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर कडक बंधनं आहेत, परमिटशिवाय मागवू नका. साध्या शिसवी फिंगरबोर्डच्या तयार वाद्यांना २०१९ च्या शेवटापासून ती कटकट नाही.

आणि मुंबई, कोकण, गोवा इकडे राहत असाल तर गिटार आल्या आल्या सेटअपला पैसे घालू नका. नागानोच्या कोरड्या हवेत वाळलेलं लाकूड आपल्या पावसाळ्यात पाणी पितं, नेक थोडा हलतोच. केसमध्ये सिलिका जेलच्या पुड्या टाका, दोन-तीन आठवडे तिला घरात मुरू द्या, मग चांगल्या माणसाकडून ट्रस रॉड आणि ब्रिज जुळवून घ्या.

बजेट कमी असेल तर ग्रेको, तोकाई, जेव्हीच्या मागे लागू नका, त्यांचे भाव आता नावाचे झालेत. मात्सुमोकुच्या ऐंशीच्या सुरुवातीच्या वेस्टोन, व्हँटेज, आरिया शोधा. नेक आरपार, कामाची सफाई तीच, आणि कॉपी नसल्यामुळे जमवाजमव करणाऱ्यांचं त्यांच्याकडे अजून तेवढं लक्ष गेलेलं नाही.